डायनॅमो

येवलेवाडीच्या पुढे शहर संपत नाही,
नुसतं दमतं.
सळया वर काढून थांबलेल्या इमारती, काँक्रीटचा एक प्लांट,
रखवालदाराची विझलेली शेकोटी,
आणि मग एकदम बोपदेवची चढण.

बाकीचे केव्हाच पुढे गेलेले.
त्यांच्या सायकली एका बोटाने उचलता येणाऱ्या,
मागे लाल लुकलुक.
माझी लेडीज, जुनी, डबल स्टँडची,
मागच्या टायरला टेकलेला डायनॅमो.
"ताई, हा काढून टाका, ओढतो,"
कोंढव्याचा दस्तगीर दर पंक्चरला म्हणतो.
मी काढत नाही.
पायाने केलेल्या उजेडाचं बिल येत नाही.

दुसऱ्या वळणावर चेन पडली.
स्टँडला लावली, मागचं चाक अधांतरी,
चाचपत, अंधारात, हात काळे.
चाक थांबलं की दिवाही थांबतो.

आधी वास आला.
ओल्या गोणपाटाचा, जुन्या हाडांचा.
दरीत कुणी पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्या टाकतं,
वाटलं, तोच.
चेन बसली का बघायला चाक फिरवलं.
दिवा लागला.
दिव्यात ते उभं.

कुत्रं म्हणावं तर पाठ मागे उतरत गेलेली,
जणू शिवणाऱ्याचं कापड मागच्या पायांपाशी संपलं.
गळ्याखाली शाई सांडल्यासारखं काळं.
तोंडात बैलाचा जबडा, दातांसकट.

मी ओरडले नाही.
धीट म्हणून नव्हे.
दिवसभर तोंडात टाचण्या धरायची सवय,
ओठ आपोआप मिटतात.

चाक मंदावलं. उजेड पिवळा झाला, मग तपकिरी,
मग नाहीच.
श्वास ऐकू येत होता, त्याचा की माझा, कळेना.
टायरला हात घालून पुन्हा फिरवलं.
आहे.
तिथंच.
पळायचं तर चाक जमिनीवर हवं,
बघायचं तर अधांतरी.
इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
फिरवलं.

तिसऱ्या उजेडात पट्टे बघितले.
सव्वीस वर्षं बिबवेवाडीत कापड बेततेय.
पट्ट्यांचं असलं की खांद्याला, बगलेला जुळवून घेते,
वीतभर वाया गेलं तरी चालेल.
ह्याचे खांद्याशी येऊन चुकलेले.
कुशीवरचे उभे, पायांवरचे आडवे,
मध्ये नुसतीच राखाडी जागा,
आणि त्यावाचून काही अडलेलं दिसत नव्हतं.

मानेवरचे केस एकदा उभे राहिले,
बसले.
दगडावर नख वाजलं.
चौथ्यांदा फिरवलं तेव्हा दिव्यात नुसता रस्ता,
कडेच्या पांढऱ्या पट्टीवर
एक ओला ठिपका.

वर टपरीवर सगळे थांबलेले.
खाली पुणं दिव्यांनी भरलेलं, कुणी न फिरवता.
"बिबट्या होता?" शर्विलने घाईने मोबाइल काढला.
तरस, म्हटलं.
"अच्छा. तरस."
मोबाइल परत खिशात.
घाटपांडेकाका म्हणाले, ते हसतं म्हणे माणसासारखं.
हे हसलं नाही, मी म्हटलं,
त्याच्या तोंडात काम होतं.
चहाच्या कपावर माझी पाच काळी बोटं उमटली.
टपरीवाल्याने कप दोनदा विसळला.

बुधवारी उपासनीबाई कुर्ता न्यायला आल्या,
निळ्या पट्ट्यांचा.
घालून आरशापुढे उभ्या राहिल्या, वळल्या, थबकल्या.
"अहो, खांद्याला पट्टे जुळले नाहीत तुमचे."
मी बघितलं.
खरंच नव्हते.
पडदा जरा बाजूला केला, आणखी उजेड यावा म्हणून,
आणि बघत राहिले.
तोंडात टाचण्या होत्या,
लगेच काही बोलता आलं नाही.